ग्रुपवर टाकलेलं परिपत्रक सगळ्यांना वाचता येतं का? विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विभाग, प्रशासकीय कार्यालयं आणि संलग्न महाविद्यालयं यांचं बरंचसं कामकाज आता मेल, टीम्स, मीट, झूम आणि व्हॉट्सॲपवर चालतं. अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर किंवा हाताच्या हालचालीला मर्यादा असलेल्या सहकाऱ्यांना हीच साधनं वापरावी लागतात. या सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्यासाठीच्या सोयी बऱ्यापैकी आहेत. घोडं अडतं ते बहुधा आपण त्यातून काय पाठवतो तिथे.

आमच्या विभागात कोणी अंध नाही. मग हे सगळं आम्हाला कशाला?

नाही, हे कशावरून ठरवलं? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. अल्पदृष्टी, ऐकू कमी येणं, वाचनातली अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, पार्किन्सन्स असे त्यातले कितीतरी प्रकार शेजारच्या टेबलावरूनही लक्षात येत नाहीत. शिवाय तुमचं परिपत्रक विभागात थांबत नाही. ते महाविद्यालयांत जातं, तिथून विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर जातं आणि एखाद्या दृष्टिबाधित विद्यार्थ्याच्या परीक्षा अर्जाची शेवटची तारीख नेमकी त्यातच असते.

सही-शिक्का झालेलं परिपत्रक स्कॅन करून टाकतो. त्यात चुकतं काय?

स्कॅन केलेला कागद हे चित्र असतं. त्यात अक्षरं दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती नसतात. एनव्हीडीए किंवा जॉजसारख्या स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, ती फाइल दिली, की तो ‘रिकामा दस्तऐवज’ अशा अर्थाचं काहीतरी बोलून गप्प होतो. अल्पदृष्टी असलेल्याने ती मोठी केली तर अक्षरांच्या कडा फुटतात. मोबाइलवर ओळी पडद्याच्या रुंदीत बसत नाहीत, म्हणून प्रत्येक ओळीला डावीकडून उजवीकडे सरकवत बसावं लागतं. आणि सहा महिन्यांनी तुम्हालाच ते परिपत्रक मेलमध्ये शोधायचं झालं, तर मजकुरातला शब्द टाकून ते सापडत नाही.

गंमत अशी, की हा मजकूर आधी संगणकावरच टाइप झालेला असतो. तो छापायचा, सही घ्यायची आणि पुन्हा फोटो काढायचा, म्हणजे हाती असलेली अक्षरं आपणच पुसायची. यातून बाहेर पडायचे तीन मार्ग आहेत, पहिला सर्वांत चांगला:

१. वर्डमधून थेट पीडीएफ करा आणि त्यावर डिजिटल स्वाक्षरी घ्या. राज्य सरकारचे शासन निर्णय असेच डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित होऊन निघतात, तेव्हा ‘शाईची सही लागतेच’ हा मुद्दा तसा निकालात निघालेला आहे.

२. शाईची सही हवीच असेल तर मूळ प्रत फाइलला लावा. प्रसारासाठी टाइप केलेल्या फाइलची पीडीएफ करा आणि सहीच्या जागी ‘मूळ प्रतीवर मा. कुलसचिवांची स्वाक्षरी असे’ अशी ओळ टाका.

३. स्कॅनच पाठवावा लागला, तर त्याच मेलमध्ये किंवा संदेशात पूर्ण मजकूर टाइप करून द्या. नुसतं ‘सोबतचे परिपत्रक पाहावे’ लिहून भागत नाही.

जुन्या फाइलची सॉफ्ट कॉपीच नाही, फक्त स्कॅन आहे. काय करता येईल?

अक्षर ओळखणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ओसीआर, वापरा. स्कॅन ३०० डीपीआयचा आणि सरळ हवा, तिरका कागद असला की निकाल बिघडतो. गूगल ड्राइव्हवर फाइल चढवून उजवी क्लिक, ‘ओपन विथ’ आणि ‘गूगल डॉक्स’ एवढं केलं तरी मराठी मजकूर बऱ्यापैकी निघतो. टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअरही मराठी ओळखतं आणि ते स्वतःच्या संगणकावर चालत असल्याने फाइल बाहेर जात नाही. गुणपत्रकं, चौकशी अहवाल, सेवापुस्तकाची पानं कुठल्याही फुकट संकेतस्थळावर चढवू नका.

निघालेला मजकूर डोळ्यांखालून घातल्याशिवाय पुढे पाठवू नये. घ आणि ध, भ आणि म, १ आणि ९ यांची अदलाबदल होते. तक्ते तर हमखास मोडतात. तारखा, रकमा आणि जावक क्रमांक मूळ प्रतीशी ताडून पाहा.

फाइल टाइप केलेली आहे, पण कृतिदेव किंवा श्रीलिपीमध्ये. ती चालेल ना?

नाही चालणार. जुन्या फॉण्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, आत मात्र रोमन अक्षरं साठवलेली असतात. कृतिदेवमध्ये टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी ई-जे-के-बी-एच आहे. म दाखवायला ई, र दाखवायला जे, कान्याला के, ठ साठी बी, दुसऱ्या वेलांटीला एच. स्क्रीन रीडर तेच वाचतो. ऐकणाऱ्याला अख्खं परिपत्रक म्हणजे इंग्रजी मुळाक्षरांचा पाऊस वाटतो.

मजकूर युनिकोडमध्ये हवा, म्हणजे संगणकातही तो मराठी अक्षरं म्हणूनच साठवला जातो. मंगल, निर्मला, कोकिळा, नोटो सॅन्स देवनागरी हे फॉण्ट युनिकोडचे आहेत. जुन्या फाइली परिवर्तकातून काढता येतात, पण रूपांतरानंतर एक गोष्ट हटकून बघा: ‘कर्मचाऱ्यांना’चं ‘कर्मचार्यांना’ झालेलं असतं. शोध चौकटीत ‘र्या’ टाकून एकेक जागा तपासा. सगळं एकदम बदलण्याचा मोह आवरा, नाहीतर ‘प्राचार्यांना’ बिचारे ‘प्राचाऱ्यांना’ होऊन बसतील.

वर्डमधून चांगली पीडीएफ कशी काढायची?

आधी वर्डची फाइल नीट हवी.

शीर्षक ठळक आणि मोठं करून भागत नाही, त्याला ‘हेडिंग १’ ही शैली द्या (कंट्रोल + ऑल्ट + १). स्क्रीन रीडर वापरणारे शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारत मजकूर चाळतात, जसे आपण नजरेने चाळतो. शैली नसली की त्यांना पहिल्या ओळीपासून सगळं ऐकावं लागतं.

सहीची जागा खाली ढकलायला सात वेळा एंटर आणि उजवीकडे न्यायला चाळीस वेळा स्पेस, ही आपली जुनी सवय. ऐकणाऱ्याला प्रत्येक एंटरला ‘रिकामी ओळ’ असं सात वेळा ऐकावं लागतं आणि मजकूर संपला असं समजून तो फाइल बंद करतो. सही, पदनाम आणि ‘प्रत माहितीस्तव’ राहून जातं. त्याऐवजी परिच्छेदाच्या मांडणीत ‘आधीचं अंतर’ वाढवा आणि उजवी बाजू धरा.

जावक क्रमांक आणि दिनांक पानाच्या हेडरमध्ये टाकू नका. स्क्रीन रीडर हेडर-फूटर आपणहून वाचत नाहीत. ‘विषय’ची ओळ टेक्स्ट बॉक्समध्ये टाकली तर ती भलत्याच क्रमाने वाचली जाते किंवा गळते. बोधचिन्हाला पर्यायी मजकूर (चित्राऐवजी स्क्रीन रीडरने वाचायची ओळ) द्या, ‘विद्यापीठाचं बोधचिन्ह’ एवढा पुरे. तक्त्यात एकत्र केलेले रकाने टाळा आणि पहिली ओळ शीर्षकाची म्हणून ठरवून द्या.

मग ‘रिव्ह्यू’मध्ये ‘चेक ॲक्सेसिबिलिटी’ चालवा. शेवटी ‘सेव्ह ॲज’, पीडीएफ, ‘ऑप्शन्स’ आणि तिथे ‘डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर ॲक्सेसिबिलिटी’ या चौकटीत खूण असू द्या. ‘प्रिंट टू पीडीएफ’ वापरू नका. दिसायला दोन्ही फाइली सारख्याच असतात, पण प्रिंटच्या वाटेने गेलं की शीर्षकं, तक्ते, पर्यायी मजकूर यांच्या सगळ्या खुणा गळून पडतात.

पीडीएफ ठीक झाली की नाही, हे स्क्रीन रीडर नसताना कसं कळेल?

दोन ओळी निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. काहीच निवडता आलं नाही तर ते चित्र आहे. रोमन अक्षरांचा काला आला तर फॉण्ट जुना आहे. मराठी आलं, पण पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर आणि जोडाक्षरं फुटलेली, असं असेल तर पीडीएफ करताना देवनागरीचा क्रम बिघडलाय. असा बिघाड दुरुस्त करत बसण्यापेक्षा पीडीएफबरोबर वर्डची फाइलही द्या किंवा मजकूर थेट मेलमध्ये लिहा. या चाचणीला अर्धा मिनिट लागतो.

व्हॉट्सॲपवर काय पाळायचं?

तिथे चित्राला वेगळा पर्यायी मजकूर देता येत नाही, म्हणून चित्राखालच्या ओळीतच सगळं लिहा. कार्यक्रमाचं पोस्टर टाकलंत तर तारीख, वेळ, स्थळ आणि नोंदणीचा दुवा अक्षरांत हवाच. सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज कर्णबधिर सहकाऱ्याच्या काहीच कामाचा नाही, त्याखाली दोन ओळींत सार लिहा.

इमोजी स्क्रीन रीडर नावानिशी वाचतो. अभिनंदनाच्या संदेशात टाळ्यांची आणि जोडलेल्या हातांची रांग लावली, की ती एकेक करून ऐकावी लागते. एक पुरे, तोही वाक्याच्या शेवटी. प्रत्येक मुद्द्याच्या सुरुवातीला बोटाचं किंवा ठिपक्याचं चिन्ह लावण्याची फॅशनही सोडा, साधे अंक वापरा.

खरं तर अधिकृत आदेश व्हॉट्सॲपवर पहिल्यांदा येऊच नये. आधी मेल, मग ग्रुपवर त्याची आठवण.

टीम्स, मीट आणि झूम माउसशिवाय चालवता येतात का?

येतात. बैठकीत लागणाऱ्या कळा थोड्याच आहेत (विंडोजवर):

टीम्स: माइक कंट्रोल + शिफ्ट + एम, कॅमेरा कंट्रोल + शिफ्ट + ओ, हात वर कंट्रोल + शिफ्ट + के. पडद्याच्या एका भागातून दुसऱ्यात जायला कंट्रोल + एफ६. सगळ्या कळांची यादी कंट्रोल + पूर्णविराम दाबला की उघडते.

झूम: माइक ऑल्ट + ए, कॅमेरा ऑल्ट + व्ही, हात वर ऑल्ट + वाय.

मीट: माइक कंट्रोल + डी, कॅमेरा कंट्रोल + ई. इथे एक खोच आहे. मीट ब्राउझरमध्ये चालतं आणि कंट्रोल + डी ही ब्राउझरची ‘पान बुकमार्क करा’ची कळही आहे. तुम्ही दुसऱ्या टॅबवर असताना ती दाबलीत, तर ते पान बुकमार्क होतं, माइक मात्र चालूच राहतो. कळ दाबण्याआधी मीटच्या टॅबवर परत या.

एका हाताने टाइप करणाऱ्यांसाठी विंडोजमध्ये ‘स्टिकी कीज’ आहे. शिफ्ट पाच वेळा दाबली की ती चालू करायची विचारणा होते. मग तीन कळा एकदम धरायची गरज उरत नाही, एकापाठोपाठ दाबल्या तरी चालतं.

एनव्हीडीए मराठी मजकुराला गप्प बसतं. बिघडलंय का?

बहुधा नाही. एनव्हीडीए मोफत आहे, पण आवाज इंग्रजीचा निवडलेला असेल तर तो देवनागरी मजकूर बहुतेक वेळा गाळून पुढे जातो. एनव्हीडीए + कंट्रोल + एस दाबून ‘ईस्पीक एनजी’ निवडा, मग एनव्हीडीए + कंट्रोल + व्ही दाबून आवाजांच्या यादीतून मराठी घ्या. (एनव्हीडीए कळ म्हणजे साधारणपणे इन्सर्ट.) ईस्पीकचा आवाज यांत्रिक आहे, पहिले काही दिवस कानाला टोचतो, पण वेग वाढवला तरी शब्द सुटे राहतात. हिंदी आवाजावर मराठी वाचता येतं, पण ‘चाक’ आणि ‘चहा’ यांतला च एकसारखाच ऐकू येतो.

मजकूर पाठवणाऱ्यानेही थोडी मदत करावी. वर्डमध्ये परिच्छेदाची भाषा मराठी अशी नोंदवा, म्हणजे मराठी-इंग्रजी मिसळलेल्या टिपणीत स्क्रीन रीडर आपोआप आवाज बदलू शकतो. विभागाच्या संकेतस्थळावर पानाच्या कोडमध्ये भाषेची खूण ‘एमआर’ हवी. बऱ्याच मराठी पानांवर ती इंग्रजीची राहून गेलेली असते, कारण साचा इंग्रजीतून उचललेला असतो.

बैठकीत कॅप्शन (बोलणं पडद्यावर अक्षरांत दाखवणारी सोय) चालू केली, तर भलतंच काहीतरी उमटतं.

कॅप्शनच्या सेटिंगमध्ये ‘बोलली जाणारी भाषा’ कोणती आहे ते बघा. ती इंग्रजी असेल आणि चर्चा मराठीत चालली असेल, तर यंत्र मराठी आवाजांना जवळचे इंग्रजी शब्द जोडत सुटतं. बैठकीआधीच भाषांची यादी उघडून तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी आहे का ते पाहून ठेवा. भाषा बरोबर लावली तरी ‘ॲकॅडमिक कौन्सिलच्या मिनिट्समध्ये हा आयटम कॅरी फॉरवर्ड करू’ अशा आपल्या नेहमीच्या मिसळीपुढे यंत्र अडखळतंच, आडनावं तर कायम चुकतात.

म्हणून महत्त्वाच्या बैठकीला एक वेगाने टाइप करणारा माणूस बसवा. त्याने सामायिक गूगल डॉकमध्ये बोलणं जमेल तितकं उतरवत जायचं, कर्णबधिर सदस्याने ते उघडून ठेवायचं. बाकीच्यांनी एका वेळी एकानेच बोलायचं, बोलण्याआधी नाव सांगायचं आणि कॅमेरा चालू ठेवायचा, कारण ओठांवरून समजून घेणाऱ्याला चेहरा दिसावा लागतो. खिडकीकडे पाठ करून बसलात तर तोंड काळं दिसतं.

सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलावला आहे. सॉफ्टवेअरमध्ये काय करायचं?

दुभाष्याची चौकट मोठी आणि एका जागी हवी. बोलणारा बदलला की चौकटी हलतात आणि दुभाषी कोपऱ्यात जातो. झूम आणि टीम्स दोन्हींत सांकेतिक भाषेसाठी वेगळी सोय आहे. ती लावली नसेल तर सदस्याने आपल्यापुरता दुभाषी ‘पिन’ करावा. तासाभराच्या बैठकीला दोन दुभाषी लागतात, ते साधारण दर २० ते ३० मिनिटांनी आलटून पालटून काम करतात. विषयपत्रिका, सदस्यांची नावं आणि विशेष संज्ञा त्यांना आदल्या दिवशी द्या. भारतीय सांकेतिक भाषेचं व्याकरण स्वतंत्र आहे, त्यामुळे ‘मराठी कॅप्शन आहेत, मग दुभाषी कशाला’ हा हिशेब बरोबर नाही.

सादरीकरण पडद्यावर दाखवतो. अंध सदस्याला ते मिळत असेल ना?

नाही. सामायिक केलेला पडदा म्हणजे नुसता व्हिडिओ, स्क्रीन रीडरला त्यातलं अक्षरही मिळत नाही. फाइल आधी मेलने पाठवा. टीम्समध्ये पडदा दाखवण्याऐवजी ‘पॉवरपॉइंट लाइव्ह’ वापरलंत तर स्लाइडचा मजकूर स्क्रीन रीडरला वाचता येतो. आणि ‘इथे बघा, हा आकडा वाढलाय’ याऐवजी ‘प्रथम वर्षाचे प्रवेश वाढले’ असं बोला.

चॅटचंही भान ठेवा. वक्ता बोलत असताना चॅटवर पंचवीस जणांनी ‘नमस्कार सर’ लिहिलं, तर तो प्रत्येक नमस्कार एखाद्याच्या कानात वक्त्याच्या आवाजावर आदळत असतो. ऐकणाऱ्याला एनव्हीडीए + ५ दाबून बदलत्या मजकुराची घोषणा थांबवता येते, तरी हजेरीसाठी चॅट वापरणं टाळलेलं बरं.

एक्सेलमध्ये थकबाकीदारांच्या ओळी लाल केल्या आहेत. चालेल?

रंग ठेवा, पण शेजारी ‘स्थिती’ असा रकाना करून ‘थकीत’ हा शब्द लिहा. लाल-हिरव्यात फरक न करता येणारे पुरुष काही विरळ नाहीत.

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट साध्या मजकुराला निदान ४.५ : १ हवा, मोठ्या अक्षरांना (१८ पॉइंट, किंवा ठळक असल्यास १४) ३ : १ पुरतो. पांढऱ्यावर करडा लिहायचा तर ७६७६७६ या कोडचा रंग पास होतो आणि ७७७७७७ थोडक्यात नापास. पांढऱ्यावर पिवळा कधीच नको.

‘भेटून जा’ एवढाच संदेश पाठवणं यात काय वावगं आहे?

पाठवणाऱ्याच्या मनात रजेच्या अर्जावरची सही असते, वाचणाऱ्याचा दिवस मात्र वाया जातो. चिंताविकार किंवा स्वमग्नता असलेल्याला हे जास्तच जड जातं. ‘रजेच्या अर्जावर सही राहिली आहे, ४ वाजता ५ मिनिटांसाठी या’ एवढं लिहायला फारसा वेळ लागत नाही.

नवीन सॉफ्टवेअर घेताना निविदेत काय लिहावं?

सुगम्यतेचं, म्हणजे दिव्यांगांना वापरता येण्याचं, भारतीय मानक आयएस १७८०२ आणि डब्ल्यूसीएजी २.१ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांची ‘एए’ पातळी यांची पूर्तता, ही अट स्पष्ट लिहा. पुरवठादाराकडून सुगम्यतेचा अहवाल, म्हणजे व्हीपॅट, मागा (मतदान यंत्राजवळचं व्हीव्हीपॅट वेगळं). अहवालात प्रत्येक निकषापुढे ‘पूर्तता होते’ असंच लिहिलेलं दिसलं तर शंका घ्या, कारण प्रामाणिक अहवालात ‘अंशतः’ असे शेरे असतात.

प्रात्यक्षिकाच्या वेळी माउस काढून ठेवा. लॉगिन करणं, संदेश शोधणं, फाइल जोडणं, बैठकीत माइक चालू करणं, रजेचा अर्ज भरणं ही पाच कामं पुरवठादाराने फक्त कळफलकावर करून दाखवावीत. टॅब दाबत गेल्यावर आपण पडद्यावर कुठे आहोत हे दिसेनासं झालं, तर तिथेच नोंद करा. चित्रातली वाकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा आणि ३० सेकंदांत संपणारा ओटीपी यांना पर्याय मागा.

चेहऱ्यावरून हजेरी घेणाऱ्या ॲपबाबत जास्त जपा. डोळे मिचकावून ‘जिवंत’ असल्याचं सिद्ध करायला लावणाऱ्या ई-केवायसीवरूनच (ऑनलाइन ओळख पडताळणीवरूनच) ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांचा खटला उभा राहिला. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल प्रवेश हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि २० निर्देश दिले.

हे सगळं कायद्याने बंधनकारक आहे, की नुसती सूचना?

२०१६ च्या अधिनियमाचं कलम ४२ इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुगम्य असण्याबद्दल आहे. कलम २० प्रमाणे शासकीय आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी द्यायच्या असतात. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेची मानकं केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा, याच अधिनियमाखालच्या नियमावलीतला नियम १५(१) अधिनियमाशी विसंगत ठरवला. विद्यापीठ अनुदान आयोगाची उच्च शिक्षण संस्थांसाठीची सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वंही २०२२ पासून आहेत.

सोय मागूनही मिळाली नाही, तर तक्रार कुठे करायची?

पहिली मागणी लेखी करा: कोणतं सॉफ्टवेअर, कोणतं पान, कोणती कळ दाबल्यावर काय झालं, कोणता स्क्रीन रीडर. ‘पोर्टल चालत नाही’ एवढ्यावर संगणक केंद्र काही करू शकत नाही. ‘रजा अर्जात तारखेचं कॅलेंडर माउसशिवाय उघडत नाही’ यावर करू शकतं. तोवर काम अडू नये म्हणून मेलने अर्ज स्वीकारण्याची तात्पुरती सोयही त्याच पत्रात मागा.

दाद लागली नाही तर त्याच अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे नेमलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. त्यांनी तक्रार नोंदवल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. तिथेही समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती आहे. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे.

कोणाला काय सोय लागते, हे न दुखावता कसं विचारायचं?

ग्रुपवर नाव घेऊन विचारू नका. बैठकीच्या प्रत्येक सूचनेत, सगळ्यांसाठी, एक ओळ कायमची टाकून ठेवा: ‘बैठकीसाठी कॅप्शन, दुभाषी, मोठ्या अक्षरांतली विषयपत्रिका किंवा अन्य सोय हवी असल्यास बैठकीच्या पाच दिवस आधी या मेलवर कळवावे.’ खाली जो पत्ता द्याल तो रोज उघडला जाणारा असावा. बदली होऊन गेलेल्या लिपिकाचा नको.